गाणं लावतंय कोण?

मंडळी, आजचा प्रश्न माझ्या नातवाचा आहे. त्याच्या मोबाइलमध्ये हवं ते गाणं हव्या त्या वेळी वाजतं. 'मग आजोबा, रेडिओवर मधेच कुणी येऊन कशाला बोलायचं?' प्रश्न रास्त आहे. आजचे काही आरजे, म्हणजे रेडिओ जॉकी, ऐकले की मलाही तो पडतो.

तरुणपणी मी काही वर्षं एका केंद्रावर कॅज्युअल निवेदक होतो. कॅज्युअल म्हणजे महिन्याला चार-सहा ड्यूट्या, आणि चेक कधी येणार हे विचारायचं नाही. गाणी तबकड्यांवर असायची. हेडफोन लावून तबकडी हाताने फिरवायची, पहिला स्वर लागला की तिला थोडी मागे घ्यायची आणि बोटाने धरून ठेवायची. खाली टेबल फिरतंय, वर तबकडी थांबलेली. शेवटचा शब्द संपला की बोट उचलायचं. वाक्य लांबलं तर बोटाला कळ लागायची, त्यामुळे आम्ही आपोआप कमी बोलायला शिकलो.

आता नामवंत रेडिओ निवेदक अमीन सयानींचं बघा. आकाशवाणीवर चित्रपटगीतांना दार बंद झालं ते बाळकृष्ण केसकर माहिती व नभोवाणी मंत्री असताना. मंत्री आपलेच, मराठी! लोकांनी सरळ सुई श्रीलंकेतल्या रेडिओ सिलोनकडे फिरवली. तिथे १९५२ साली सयानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली, चित्रपटगीतांचा कार्यक्रम. सयानी सांगायचे, पहिल्याच कार्यक्रमाला ९,००० पत्रं आली. ती वाचायची, निवेदन लिहायचं, बोलायचं, आणि या सगळ्याचे आठवड्याला मिळायचे २५ रुपये. गंमत म्हणजे ते बोलायचे मुंबईत, आणि ध्वनिफीत विमानाने कोलंबोला जायची. म्हणजे बुधवारी रात्री आठ वाजता जो माणूस आपल्या ओसरीवर बसून बोलतोय असं वाटायचं, त्याचं बोलणं आधीच होऊन गेलेलं असायचं.

म्हणून 'निवेदन थेट असलंच पाहिजे' हा हट्ट मी धरत नाही. गीतमालेत जीव होता तो पत्रांमुळे. आपण लिहिलेलं कुणीतरी वाचतंय याची ऐकणाऱ्याला खात्री होती. झुमरीतलैया हे गाव देशाला माहीत झालं ते फर्माइशींमुळेच ना! यंत्र तुमच्या आवडीची नोंद ठेवतं, पण तुमचं गाणं लागलं म्हणून शेजारच्या घरात आरडाओरडा होत नाही.

आपल्या इंदूरचं आकाशवाणी केंद्र १९५५चं, मालवा हाउसमधलं. तिथल्या शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात नंदाजी आणि भेराजी इथल्या मालवी बोलीत गप्पा मारायचे. माझी आई पुण्याहून सून म्हणून इकडे आली. शेतीशी तिचा संबंध तुळशीच्या कुंडीपुरता, पण कार्यक्रम चुकवायची नाही. भाजीवालीशी घासाघीस करण्यापुरती मालवी ती या दोघांकडून शिकली. ते फार शहाणपणाचं बोलायचे असंही नाही. एक विचारायचा, दुसरा जरा थांबून उत्तर द्यायचा, आणि त्या थांबण्यात आई स्वतःचं उत्तर देऊन मोकळी व्हायची.

खासगी एफएम आपल्याकडे २००१ सालीच आलं, देशात अगदी पहिल्यांमध्ये. सुरुवातीला मजा आली. सराफ्यातली, राजवाड्याजवळची नावं रेडिओवर ऐकू येऊ लागली. पुढे एका शहरात बोललेलं अनेक शहरांत वाजायला लागलं. एकदा सकाळपासून इंदूरला पाऊस झोडपत होता आणि पेटीतला माणूस म्हणत होता, 'क्या खिली खिली धूप है!' मी पोह्यांची बशी खाली ठेवली आणि रेडिओ बंद केला. दुसरं दुखणं म्हणजे गीतकार-संगीतकारांची नावं गाळणं. विविध भारतीने ती शिस्त लावली होती. हे आरजे मुखड्यावर बोलतात, पण गाणं कुणी लिहिलं ते सांगायला यांना चार सेकंद मिळत नाहीत.

आपल्या दारावर रोज कचरागाडी गाणं वाजवत येते. गाणं आता पाठ झालंय, कुणी कौतुकाने ऐकत नाही. तरी ते वाजलं की आपण डबे घेऊन धावतो, कारण गाण्यामागे माणूस उभा आहे.

एक चूक सांगतो आणि बसतो. रामबागेतल्या एका काकूंची फर्माइश होती, यजमानांच्या वाढदिवसाची. मी नावं वाचली, शुभेच्छा दिल्या, बोट उचललं, आणि वाजली तबकडीची दुसरी बाजू! नवऱ्याने फसवल्याचं रडगाणं. मधे तोडणं बरं दिसेना. ते संपल्यावर माफी मागितली. लगेच ड्यूटी रूममध्ये फोन खणखणला. काकूच होत्या. म्हणाल्या, 'अहो, दोन दिवस हे माझ्याशी बोलत नव्हते, आत्ता हसले. खरं गाणं आज लावू नका हो, मला पोळ्या लाटायच्यायत. उद्या लावा.'

दुसऱ्या दिवशी माझी ड्यूटी नव्हती. येणाऱ्या निवेदकासाठी मी तबकडीच्या पाकिटाला चिठ्ठी टाचून ठेवली: 'रामबागेच्या काकू. बाजू नीट बघून. पोळ्या झाल्यावर.'