मालाडचा दगड, विजापूरचा घुमट

(परळ, सकाळ. केईएम रुग्णालयाच्या दारातून आत जाणारी गर्दी.)

सकाळचे आठ. केसपेपरची रांग बाहेरपर्यंत आली आहे. कोणी रात्रभर एसटीने कोकणातून आलंय, कोणी सोलापूरहून. हातात डबा, काखेत एक्स-रेचं मोठं पाकीट. ही इमारत कुणी आखली, असा प्रश्न या रांगेत कुणाला पडत नाही, आणि पडायचं कारणही नाही. पण ज्याने ही आखली, त्यानेच गेटवे ऑफ इंडियाही आखला. त्याचं नाव जॉर्ज विटेट.

विटेटचा जन्म १८७८ चा, स्कॉटलंडमधल्या ब्लेअर अ‍ॅथॉलचा. १९०४ मध्ये तो भारतात आला, मुंबई सरकारचे वास्तुविशारद जॉन बेग यांचा साहाय्यक म्हणून. तेव्हाची मुंबई विलायती गॉथिक, म्हणजे टोकदार कमानींच्या युरोपीय शैलीतल्या, शिखरांची होती. बेग मात्र दुसरीकडे बघत होते. विजापूर त्या काळी मुंबई इलाख्यातच होतं. बेग यांनी मुंबईच्या जनरल पोस्ट ऑफिसवर तिथल्या गोल घुमटाची आठवण चढवली आणि विटेट हे सगळं जवळून शिकला.

(छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. बाग, मग घुमट.)

या वस्तुसंग्रहालयाची पायाभरणी १९०५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते झाली, पण आराखडा ठरायला १९०९ उजाडलं. स्पर्धा झाली आणि विटेटची निवड झाली. भिंतींना कुर्ल्याचा करडा आणि मालाडचा पिवळसर दगड. घुमटाचा तोल विजापूरचा. आम्ही देशी राजांचे वारस आहोत, असं इंग्रज सरकारला या घुमटांतून सांगायचं होतं, हे विसरून चालणार नाही. तरीही आत शिरल्यावर वर बघा. मधल्या दालनाभोवती लाकडी खांबांचं, कठड्यांचं एक वर्तुळ आहे. विटेटने ते नाशिकच्या एका जुन्या वाड्यातून विकत घेतलं आणि इथे बसवलं. नवीन घडवून घेणं सोपं गेलं असतं. पण सुतारांनी आपल्या हाताने घडवलेलं ते काम सरपणात जाऊ नये, असं या माणसाला वाटलं असणार. मला तरी त्या खांबांखाली उभं राहिलं की असंच वाटतं.

इमारत १९१४ मध्ये उभी राहिली आणि पहिलं महायुद्ध पेटलं. दालनांत मूर्तींच्या आधी जखमी सैनिकांच्या खाटा लागल्या. संग्रहालय म्हणून दारं उघडली ती १९२२ मध्ये.

(पालवा बंदर. लाँचचे भोंगे.)

अपोलो बंदर हे साहेबाचं नाव, मूळचं पालवा बंदर. १९११ च्या डिसेंबरात राजा पंचम जॉर्ज आणि राणी मेरी इथे उतरले, तेव्हा गेटवेची कमान नव्हतीच. त्यांच्यासमोर होती ती पुठ्ठ्याची प्रतिकृती. पायाचा दगड १९१३ मध्ये बसला, विटेटचा आराखडा १९१४ मध्ये मंजूर झाला. मग समुद्र मागे हटवून भराव टाकण्यातच वर्षं गेली. दगड खारोडीचा, नक्षीदार जाळ्या ग्वाल्हेरच्या, वळणं सोळाव्या शतकातल्या गुजरातची. मधला घुमट ४८ फूट व्यासाचा. खर्च २१ लाख रुपये.

पैसे तिथेच संपले. कमानीसमोर सरळ, रुंद रस्ता व्हायचा होता, तो झालाच नाही. म्हणून आजही गेटवे रस्त्याला तिरका उभा आहे. ४ डिसेंबर १९२४ ला व्हाइसरॉय लॉर्ड रेडिंग यांनी उद्घाटन केलं. पुढे जेमतेम तेवीस वर्षांनी, २८ फेब्रुवारी १९४८ ला, ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी याच कमानीखालून बोटीवर चढली. राजाच्या आगमनाची आठवण म्हणून उभारलेल्या कमानीतून त्याचं सैन्य परत गेलं. १९६१ मध्ये समोर शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा उभा राहिला.

विटेटची बाकीची कामं मोजायला लागलं तर दक्षिण मुंबई पायी फिरावी लागेल: विज्ञान संस्था, लघुवाद न्यायालय, बॅलार्ड इस्टेट. बॅलार्ड इस्टेटमध्ये तो पुन्हा थेट युरोपकडे वळलेला दिसतो. पुढे सरकारी नोकरी सोडून तो टाटांकडे गेला आणि त्यांचं मुख्यालय, बॉम्बे हाउस, आखलं. त्याहून मोठी गोष्ट मला १९१७ ची वाटते. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून शिकून बाहेर पडलेल्या तरुणांनी वास्तुकलेची संघटना काढली आणि पहिलं अध्यक्षपद विटेटला दिलं. तीच आजची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स.

(पुन्हा परळ. वऱ्हांडा, पांढरे कोट.)

आणि हे केईएम. शेजारच्या वैद्यकीय महाविद्यालयासाठी शेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या इस्टेटीतून देणगी आली, ती एका अटीवर: शिकवणारे डॉक्टर भारतीयच हवेत. १९२६ मध्ये रुग्णालय सुरू झालं.

त्याच वर्षी विटेट आमांशाने मुंबईत वारला. पन्नाशीही गाठली नव्हती. त्याला शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत पुरलं. केईएमच्या दारातून पूर्वेकडे निघालात, तर चालतही पोहोचाल.