बाही कोपराच्या वर

श्रोतेहो, नमस्कार.

रात्री वॉर्डातले मोठे दिवे मालवले की पेशंट आम्हा नर्सना आवाजावरून ओळखू लागतात. कुणाचे बूट करकरतात, कुणाच्या खिशात किल्ल्या वाजतात, हे अंथरुणाला खिळलेल्या माणसाला बरोबर ठाऊक असतं. फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी हे लिहून ठेवलंय. रेशमी कपड्यांची सळसळ, किल्ल्यांचा खुळखुळाट, बुटांची करकर याने रोग्याचं जेवढं नुकसान होतं, तेवढं भलं जगातली सगळी औषधं मिळूनही करणार नाहीत, असं त्यांचं म्हणणं. नर्सच्या कपड्यांचा विचार त्यांनी रोग्याच्या खाटेवरून केला. ड्रेस कोडचा कुठलाही नियम तिथूनच तपासावा, असं मला मनापासून वाटतं.

आता बाहीचंच घ्या. ब्रिटनमध्ये 2007 साली सरकारी रुग्णालयांसाठी धोरण जाहीर झालं: पेशंटला हात लावणाऱ्या प्रत्येकाचे हात कोपरापासून खाली मोकळे हवेत. लांब बाही नको, मनगटी घड्याळ नको, बांगडी नको, नकली नखं नकोत. बऱ्याच जणांना वाटतं, कापडावर जंतू असतात म्हणून हा नियम आला. कापडावर जंतू असतातच, पण गणवेशामुळे रोग्यांना मोठ्या प्रमाणावर संसर्ग होतो असा ठाम पुरावा त्याच वर्षी तिथल्या आरोग्य विभागाने घेतलेल्या आढाव्यात सापडला नव्हता. जंतूंचा मुख्य रस्ता म्हणजे आमचे हात. बाही वर हवी ती हात नीट धुता यावेत म्हणून. घड्याळ घालून हात धुणाऱ्याकडे एकदा लक्ष देऊन बघा. साबण पट्ट्यापाशी येऊन थांबतो, पट्ट्याखालची कातडी कोरडीच राहते. पूर्ण बाहीचा ओला कफ तर पुढच्या खाटेवरच्या चादरीला जाऊन लागतो.

अंगठीचं मी स्वतःच्या चुकीतून शिकले. नोकरीची पहिलीच वर्षं होती. एका आजींना कुशीवर वळवताना माझ्या अंगठीचा खडा त्यांच्या दंडाला घासला. म्हातारपणी कातडी अगदी कागदासारखी होते. ती सोलवटली आणि बोटभर लांब पापुद्रा निघाला. आजी हूं की चूं बोलल्या नाहीत, मला उगीच ओरडा बसू नये म्हणून. इनचार्ज सिस्टरांनी महिनाभर आधी मला अंगठी काढायला सांगितलं होतं. पण का काढायची, ते कुणीच सांगितलं नव्हतं. मला वाटलं, शिस्तीचा भाग असेल. पुढे मी स्वतः इनचार्ज झाले तेव्हा प्रत्येक नियमाबरोबर त्याचं कारणही सांगायचं, हे मी कटाक्षाने पाळलं. कारण कळलं की मुली आणि मुलगे आपणहून अंगठी काढून ठेवतात.

छातीवर उलटं टाचलेलं घड्याळ तुम्ही पाहिलं असेल. एका हाताची बोटं नाडीवर, दुसरा हात पेशंटच्या खांद्यावर, आणि मान जराशी खाली केली की सेकंद काटा सुलटा दिसतो. मनगटही मोकळं राहतं. खाटेजवळ उभं राहून विचार केल्याशिवाय अशी वस्तू सुचत नाही.

टोपी मात्र गेली ते बरं झालं. ख्रिस्ती जोगिणींच्या, म्हणजे नन्सच्या, पेहरावातून आणि मोठ्या घरांतल्या नोकराण्यांच्या पोशाखातून ती नर्सच्या डोक्यावर आली. केस आवरून धरणं हे तिचं मूळ काम. पुढे ती लहान होत होत नुसती खळ लावलेली खूण उरली. वाकलं की सलाइनच्या नळीत अडकायची, आणि ब्रदर लोकांना, म्हणजे पुरुष नर्सना, ती कधी नव्हतीच. ती डोक्यावर चढताना आमचे डोळे भरून यायचे, हे खरं आहे. पण केस घट्ट बांधलेले असले की पेशंटचं काम भागतं.

टोपीबरोबर एक गोष्ट मात्र हरवली, आणि ती पेशंटला जाणवते. आज वॉर्डात सगळेच स्क्रब्जमध्ये, म्हणजे सैल सदरा-पायजम्याच्या गणवेशात. सिस्टर कोण, डॉक्टर कोण, सफाईचे मामा कोण? चष्मा काढून पडलेल्या, घाबरलेल्या माणसाला निळा रंग एकसारखाच दिसतो. केट ग्रेंजर या ब्रिटिश डॉक्टर स्वतः कॅन्सरच्या पेशंट होत्या. भोवती वावरणारे लोक आपलं नावसुद्धा सांगत नाहीत, हे त्यांना खुपलं, आणि 2013 साली त्यांनी स्वतःचं नाव सांगण्याची मोहीम सुरू केली. म्हणून नावाची पट्टी मोठ्या अक्षरांत हवी, आणि कोणत्या कामाला कोणता रंग हे वॉर्डाच्या दारातच लिहिलेलं हवं.

आता व्यवस्थापनाला एक सांगायचंय. नियम कागदावर काढायचा आणि ड्रेस मात्र दोनच द्यायचे, हे चालणार नाही. रोज धुतलेला ड्रेस हवा असेल तर पुरेसे जोड द्या. 60 अंशांच्या पाण्यात 10 मिनिटं धुतलं की जवळजवळ सगळे जंतू जातात, पण तशी सोय प्रत्येकीच्या घरी नसते. मग धुण्याची व्यवस्था रुग्णालयाने करावी. कपडे बदलायला दाराला कडी असलेली खोली द्या, नाहीतर ड्युटीचा ड्रेस बसमधून घरी जाणारच. गरोदर सिस्टरला तिच्या मापाचा ड्रेस पहिल्या मागणीत मिळावा. धर्मानुसार डोकं झाकणाऱ्यांना झाकू द्या. कापड धुतलेलं असावं आणि टोकं आत खोचलेली असावीत, एवढीच अट पुरे.

आणि नवा ड्रेस मंजूर करण्याआधी तो रात्रपाळीच्या चार जणांना आठवडाभर घालायला द्या. त्यांना पेशंट वळवू द्या, सरावाच्या पुतळ्याशेजारी गुडघे टेकून, हृदय बंद पडल्यावर दाबतात तशी छाती दाबू द्या, वीस वेळा हात धुऊ द्या. कुठे काचतं, कुठे अडकतं, ते त्यांना विचारा. मग सही करा.

नमस्कार.