मूठ फिरते, पान उलटतं

श्रोतेहो, नमस्कार. लघुपटात ताण कसा निर्माण होतो, त्याबद्दल आज बोलू या.

एक प्रसंग डोळ्यांपुढे आणा. एक बाई दाराकडे पाठ करून पत्र वाचत बसली आहे. मग पडदाभर फक्त दाराची मूठ, सावकाश फिरणारी. पुन्हा ती बाई. ती शांतपणे पान उलटते. कोणी किंचाळलं नाही, संगीत वाजलं नाही, तरी आपण सावरून बसतो. तिला ठाऊक नसलेलं काहीतरी आपल्याला कळलं आहे ना! आता मुठीचा तो शॉट काढून टाका आणि दार एकदम उघडू द्या. प्रेक्षक दचकेल, पण तेवढ्यापुरताच. रहस्यपटांचे दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक हा फरक टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण देऊन समजावत. अचानक फुटला तर काही सेकंदांचा धक्का. तो तिथं आहे हे आधीच कळलं, तर टेबलावरच्या साध्या गप्पांनीही जीव टांगणीला लागतो.

लघुपटाला हे जमलंच पाहिजे, कारण त्याच्या हाती वेळ थोडा. ऑस्करच्या नियमांत लघुपटाची कमाल मर्यादा 40 मिनिटांची, आणि कित्येक लघुपट त्याच्या निम्म्यातही संपतात. पात्राचा मागचा-पुढचा सगळा इतिहास सांगत बसायला सवड नसते. म्हणून मला वाटतं, लघुपटानं एकच प्रश्न धरावा आणि त्याचं उत्तर कोणाला, केव्हा कळू द्यायचं ते पक्कं ठरवावं. कॅमेरा, संकलन म्हणजे शॉटची काटछाट आणि जोडणी, ध्वनी हे सगळं त्या निर्णयाच्या सेवेला.

भराभर कट केले की ताण वाढतो, असा एक समज आहे. मला तो अर्धवट वाटतो. आपल्याच प्रसंगात मुठीनंतर बाईचा शॉट दोन सेकंद ठेवा. माहिती पोचते, बस. तोच आठ सेकंद ठेवा. आता आपली नजर पत्रावर ठरत नाही, ती तिच्या खांद्यामागच्या अंधूक दाराकडे धावते. कॅमेरा जागचा हललेला नाही, भीतीचं काम प्रेक्षकच करतो आहे. चित्रपटात सेकंदाला साधारण 24 फ्रेम, म्हणजे सुटी स्थिर चित्रं, असतात. त्यातल्या पाच-सहा इकडेतिकडे झाल्या तरी संकलकाला फरक जाणवतो.

जोडणीतून अर्थ कसा उगवतो, हे 1920 च्या आसपास रशियात दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव यांनी दाखवलं. नटाचा तोच निर्विकार चेहरा सूपच्या ताटलीला जोडला की भुकेला वाटे, शवपेटीला जोडला की दुःखी. ख्रिस मार्कर यांचा 1962 चा ‘ला जेते’ हा फ्रेंच लघुपट तर जवळजवळ पूर्णपणे स्थिर छायाचित्रांचा, सुमारे 28 मिनिटांचा. त्यात एकदाच, क्षणभर, झोपलेली स्त्री डोळे उघडते आणि चित्र खरोखर हलतं. एरवी क्षुल्लक वाटणारी ती हालचाल अंगावर काटा आणते, कारण तोवर हालचाल आपल्यापासून राखून ठेवलेली असते.

आणि ध्वनी! चित्राला चौकट असते, आवाजाला नसते. जिन्यावरची पावलं ऐकवली की माणूस दाखवावा लागत नाही. पुढच्या प्रसंगाचा आवाज चित्राच्या आधी सुरू केला, तर प्रेक्षक आपोआप पुढे ओढला जातो. पार्श्वसंगीत मात्र जपून वापरावं. लघुपट करणाऱ्या तरुण मित्रांना माझं सांगणं आहे, की संगीत घालण्याआधी प्रसंग एकदा तसाच पाहा. ताण जाणवला नाही, तर संगीतकाराकडे जाऊ नका, संकलनाच्या टेबलाशी परत बसा.