वीतभर पांढरा पट्टा

श्रोतेहो, नमस्कार.

सकाळी साडेसहाच्या सुमारास आपल्या सोलापुरात अशोक चौकातून अक्कलकोट रोडच्या दिशेनं कधी गेलात, तर थोडा वेळ रस्त्याच्या कडेला थांबून बघा. रात्रपाळी सुटलेली असते, दिवसपाळी निघालेली असते. सुटलेल्यांच्या केसांत, भुवयांवर कापसाचा भुरका असतो. निघालेल्यांच्या कॅरिअरला डबा आवळून बांधलेला असतो. दोघंही सायकलवर. आपल्या चादरी आणि टॉवेल विणणारे हे हात आहेत. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं, ती देशोदेशी गेली, पण ती विणणारा माणूस मागाजवळ पोचतो तो सायकलवरून.

हल्ली सायकलस्वार म्हटलं की रविवारी पहाटे हेल्मेट घालून हिप्परग्याच्या तलावाकडं निघालेली मंडळी डोळ्यांपुढं येतात. त्यांच्यातले काही तर तुळजापूरचा घाट चढून दुपारच्या आत घरी परततात. मला त्यांचं मनापासून कौतुक आहे. पण शेजारच्या एका यंत्रमाग कामगाराला मी एकदा विचारलं, तुम्ही किती वर्षं सायकलिंग करता? तो म्हणाला, "सायकलिंग नाही हो सर, मी कामाला जातो."

घरी येऊन मी हिशोब मांडला. जाऊन-येऊन रोज 10 किलोमीटर, वर्षाचे 300 दिवस, म्हणजे 3,000 किलोमीटर. 20 वर्षांचे झाले 60,000. पृथ्वीला विषुववृत्तावर एक फेरा मारायला सुमारे 40,000 किलोमीटर लागतात. म्हणजे या माणसाचा दीड फेरा झाला, आणि तो स्वतःला सायकलस्वारांत मोजतसुद्धा नाही. आजचं बोलणं त्याच्यासाठी आणि त्याच्या सायकलीसाठी आहे.

ही सायकल म्हणजे काळी, 28 इंची चाकांची, वीस-बावीस किलो वजनाची. पुढच्या चक्राला बहुधा 44 दाते, मागच्या फ्रायव्हीलला 18. पेडलचा एक फेरा झाला की मागचं चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं आणि सायकल साडेपाच मीटर पुढं जाते. गिअर नाहीत, आणि आपल्या सपाट गावात त्यांच्यावाचून अडतही नाही. लोखंड जाड, चाकं मोठी, बैठक ऐसपैस. खड्ड्यातून सुताचं पोतं नेलं तरी ती कुरकुरत नाही.

माझ्याकडं जी आहे ती वडिलांची ॲटलास. वडील मिलमध्ये होते. पाळीचा भोंगा व्हायच्या आधी ते दारातून सायकल काढत, आणि त्या आवाजानं आम्हा भावंडांना जाग यायची. ॲटलासचा कारखाना 1951 साली सोनिपतला सुरू झाला. साहिबाबादचा त्यांचा शेवटचा कारखाना 3 जून 2020 रोजी थांबला. त्या दिवशी नेमका जागतिक सायकल दिन होता. बातमी वाचून मी अंगणात गेलो आणि गाडी पुसायला घेतली. दुसरं काही सुचलंच नाही.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी वडील सायकल ओव्हरऑइल करायचे. अंगणात पोतं अंथरायचं, गाडी उलटी करून सीट-हँडलवर उभी करायची, चाकं काढायची. मागच्या चाकात एका बाजूला 9 छर्रे आणि दुसऱ्या बाजूला 9. ते रॉकेलच्या ताटलीत टाकले की काळं तेल सुटायचं आणि खालून लख्ख चांदी वर यायची. मोजायचं काम माझ्याकडं असे. पाचवीत असताना एकदा मोजले तर 17 भरले. एक घरंगळला होता. मी म्हटलं, एका बाजूला आठ घातले तर चालणार नाही का? वडील म्हणाले, "चालतं. पण कप खाऊन टाकतं." कप म्हणजे छर्रे ज्यात फिरतात ती वाटी. मग दोघांनी मिळून सगळं अंगण झाडलं, पोतं झटकलं, पायरीच्या फटी काडीनं उकरल्या. संध्याकाळी तो छर्रा तुळशीच्या बुंध्याशी सापडला. वडिलांनी तो धोतराच्या सोग्याला पुसला, ग्रीसमध्ये बसवला आणि छर्रे दाबून धरणारा कोन आवळला. फार आवळला तर चाक जड फिरतं, सैल ठेवला तर खेळतं. दोन्हींच्या मधली जागा बोटांनाच कळते. शेवटी चाक हलकेच फिरवून सोडायचं. नीट बसलं असेल तर ते थांबताना मागं-पुढं झुलतं आणि वॉलचा, म्हणजे हवा भरायच्या नळीचा भाग खाली येऊन स्थिर होतो, कारण चाकाची तीच बाजू जराशी जड असते. वॉल खाली आला की वडील मान हलवायचे. दसऱ्याला त्याच चाकाला झेंडूचा हार.

आता माझी गाडी अण्णा बघतात. भवानी पेठेत त्यांचं टपरीवजा दुकान आहे. घरात तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि पान्याशी बोलतात ती कुठली भाषा ते त्यांनाच ठाऊक. गाडी लांबून येताना ऐकूनच ते सांगतात, "सर, चेन कोरडी पडलीय." पेडल थांबवलं की फ्रायव्हीलमधून टिकटिक येते ना, ती आतल्या छोट्या खिट्ट्यांची. मेकॅनिक त्यांना 'कुत्रं' म्हणतात. ती टिकटिक अडखळली तर स्प्रिंग गेलं समजायचं.

अण्णांचा राग कशावर असेल तर डाव्या पेडलवर जोर करणाऱ्या पोरांवर. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. चालवताना पेडल आपोआप सैल होऊ नये म्हणून ते तसे केलेले आहेत. नेहमीच्या दिशेनं ताकद लावली की क्रँकचे, म्हणजे पेडल बसतं त्या दांड्याचे आटेच कापले जातात. घरी पेडल बदलणाऱ्यांनी एवढं जरूर ध्यानात ठेवावं.

पंक्चर ही तर आपल्याकडची बारमाही गोष्ट. वेडी बाभूळ सगळीकडं माजलीय आणि तिचा काटा टायर सहज भेदतो. अण्णा सोल्युशन लावून ट्यूब बाजूला ठेवतात, ते बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबतात, मगच ठिगळ लावतात. घाई केली की वैशाखात ते सुटतंच. 43-44 अंशांत गाडी उन्हात तापत ठेवू नका. लिंबाची सावली शोधा, चार पावलं जास्त पडली तरी चालतील.

आता जे मला कळकळीनं सांगायचं आहे ते. गेल्या हिवाळ्यात रात्री नऊच्या पुढं मी विजापूर रोडनं घरी येत होतो. मागून मोटरसायकलची धडक बसली, मी कडेच्या मुरमात पडलो. कोपर फुटलं, मागची रिंग आउट झाली. धडकलेला मुलगा वीस-बावीसचा असेल. मला उठवताना त्याचे हात थरथरत होते. "काका, खरंच दिसला नाहीत हो तुम्ही," असं तो पुनःपुन्हा म्हणत होता. तो खोटं बोलत नव्हता. महिन्यापूर्वीच मी गाडीला काळा रंग दिला होता आणि मागच्या मडगार्डवरचा पांढरा पट्टाही त्यात रंगवून टाकला होता. लाल काच तर कधीच फुटलेली.

कंपनी मडगार्डचा तो खालचा भाग पांढरा ठेवते तो शोभेसाठी नव्हे. अंधारात मागून येणाऱ्याच्या दिव्यात लाल काचेखेरीज गाडीचा तेवढाच भाग उजळतो. वडिलांच्या काळी सायकलला पालिकेचा बिल्ला लागे, आणि दिव्याविना रात्री निघालं तर पोलीस चाकांतली हवा सोडून देत. लोक चिडायचे, हे मला आठवतं. पण प्रत्येक गाडीला डायनामो असायचा. आज तो दिसत नाही. वाहनं मात्र कितीतरी वाढली, आणि ऊसतोडीच्या दिवसांत ट्रॉल्यांनी अर्धा रस्ता अडलेला असतो. रात्रपाळीचा माणूस त्यांच्या बाजूनं, काळ्या गाडीवर, काळोखात जातो.

कोपर बरं झाल्यावर मी पांढऱ्या ऑइलपेंटचा लहान डबा आणि एक इंची ब्रश घेऊन अण्णांच्या दुकानी गेलो. पहिला पट्टा माझ्या ॲटलासवर मारला. हवा भरायला आलेल्या कामगारानं विचारलं, हे कशाला? सांगितल्यावर त्यानं आपली गाडी स्टँडवर लावली, फडक्यानं मडगार्ड पुसलं आणि म्हणाला, "मारा सर, जाड मारा." त्या सकाळी अकरा गाड्या झाल्या. डबा निम्मासुद्धा संपला नव्हता.

तो अजून अण्णांकडंच असतो, पंपाशेजारच्या फळीवर. वीतभर पट्टा, मडगार्डच्या खालच्या टोकाला. वाळायला एक दुपार पुरते.

नमस्कार.