सांध्यावरचा शब्द

(पडद्यावर: एडिटरमध्ये 'पुस्तक' हा शब्द. 'पु' नंतर लुकलुकणारा कर्सर.)

पडद्यावर हा शब्द सलग दिसतो. मेमरीत मात्र तो इथे तुटलेला असू शकतो.

ईमॅक्स हा एडिटर मजकूर दोन भागांत ठेवतो आणि मधे मोकळी जागा राखतो. तिला गॅप म्हणतात. टाइप केलेलं अक्षर या गॅपमध्ये जाऊन बसतं, त्यामुळे दर अक्षराला पुढची अख्खी फाइल सरकवावी लागत नाही. नुकतंच 'पु' टाइप केलं असेल, तर गॅप बरोब्बर शब्दाच्या पोटात असते. आणि नेमका हाच शब्द रेग्युलर एक्सप्रेशनने, म्हणजे मजकुराचा नमुना सांगणाऱ्या सूत्राने, शोधायचा आहे.

गॅप शेवटाला ढकलली की मजकूर सलग होईल. पण एका शोधासाठी अख्खी फाइल हलवायची? ईमॅक्सने ते टाळलं. त्याचं शोध-इंजिन, म्हणजे शोधण्याचं काम करणारा कोड, एकाऐवजी दोन स्ट्रिंग (अक्षरांच्या माळा) घेतं. पहिली संपली की दुसरीच्या सुरुवातीला जातं आणि जुळवणी तशीच पुढे चालू ठेवतं. मला ही युक्ती फार आवडते: मजकूर जागचा हलत नाही, वाचणारा तेवढा पाऊल लांब टाकतो.

(पडद्यावर: मजकुराचे असंख्य रंगीत तुकडे.)

काही एडिटर पीस टेबल वापरतात, म्हणजे मजकूर तुकड्यांच्या यादीत ठेवतात. तिथे तुकडे दोनच नसतात. संपादन वाढत जातं तसे ते शेकड्यांनी होतात. इथे इंजिनाचा स्वभाव महत्त्वाचा ठरतो. बॅकट्रॅकिंग करणारं इंजिन एक वाट चुकली की मागे फिरतं, कधीकधी कितीतरी तुकडे ओलांडून.

संगणकशास्त्रज्ञ केन थॉम्प्सन यांनी 1968 साली वेगळी रीत मांडली. सगळ्या शक्य वाटा एकाच वेळी हाताशी ठेवायच्या, प्रत्येक अक्षर एकदाच वाचायचं, मागे वळायचंच नाही. सांधा आला की जिवंत वाटांची यादी घेऊन पुढच्या तुकड्यात शिरायचं. तुटक मजकुरासाठी याहून सोयीची पद्धत मला ठाऊक नाही.

तरी काही गाठी उरतात. शब्दाची हद्द तपासायची, तर मागच्या तुकड्याचं शेवटचं अक्षर लक्षात ठेवावं लागतं. आधी जुळलेला भाग पुन्हा जुळवायचा असेल, तर जुना मजकूर लागतोच. आणि देवनागरीत आणखी एक अडचण: यूटीएफ-8 या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत 'त' तीन बाइटचा. फाइल ठरावीक आकाराच्या तुकड्यांत वाचली, तर सांधा अक्षराच्याच मधे येऊ शकतो.

(पडद्यावर: 'पुस्तक' बाइटमध्ये उलगडतं.)

प, उकार, स, हलन्त, त, क. सहा चिन्हं, 18 बाइट, तोडता येईल अशा 17 जागा. इंजिन तपासताना हा शब्द सतराही ठिकाणी तोडून पाहायचा. प्रत्येक वेळी तो सापडलाच पाहिजे.