तीन विद्याशाखा, एक सांधा

[दृश्य : रोबोटचा हात एक सुटा भाग उचलून ठरलेल्या जागी ठेवतो. कॅमेरा हाताच्या सांध्यावर स्थिरावतो.]

या सांध्यात मोटर आहे, तिची गती घटवून टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, वाढवणारा गिअरबॉक्स आहे, कोन मोजणारा एन्कोडर आहे आणि मोटरला किती विद्युतप्रवाह द्यायचा हे सतत ठरवणारे सॉफ्टवेअरही आहे. यंत्र, इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणन यांच्या अशा मिलाफाला मेकॅट्रॉनिक्स हे नाव १९६९ मध्ये जपानच्या यास्कावा कंपनीतील अभियंते तेत्सुरो मोरी यांनी दिले.

अशी प्रणाली घडवताना खरी अडचण बहुधा दोन विभागांच्या सीमेवर उद्भवते. समजा, वजन कमी करण्यासाठी यांत्रिक विभागाने हाताच्या नळीची भिंत पातळ केली. मजबुती पुरेशी भरली आणि बदल मंजूर झाला. मात्र टोकाशी उचलायचा भार तेवढाच राहिला आणि ताठरपणा घटला, त्यामुळे हाताची नैसर्गिक कंपनवारंवारता खाली आली. नियंत्रणाचे सॉफ्टवेअर जुन्या वारंवारतेच्या भरवशावर जुळवलेले होते; खाली आलेले कंपन आता ते ज्या पट्ट्यात प्रतिसाद देते तिथे येते आणि त्याचा विलंब नडू लागतो. एन्कोडरचे वाचन, गणना आणि आदेश यांत एक मिलिसेकंद जात असेल, तर कंपनाचे एक पूर्ण आवर्तन ३६० अंशांचे धरून ५० हर्ट्झच्या कंपनाला तो विलंब १८ अंशांची पिछाडी देतो, १०० हर्ट्झला ३६ अंशांची. ही पिछाडी फार वाढली, की कंपन शमवण्यासाठी दिलेला आदेशच त्याला बळ देऊ लागतो. यात चूक कोणत्याच विभागाची नसते. भिंतीची जाडी आणि नियंत्रकाची जुळणी यांचा संबंध कुठेच नोंदलेला नसतो, एवढेच.

मॉडेल-आधारित प्रणाली अभियांत्रिकीचे काम इथे सुरू होते. अपेक्षा एका दस्तऐवजात, रेखाचित्रे दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आणि उरलेले संबंध अनुभवी माणसांच्या डोक्यात, असे न ठेवता प्रणालीच्या अपेक्षा, घटक, वर्तन आणि त्यांना बांधणारी समीकरणे एकाच मॉडेलमध्ये परस्परांशी जोडली जातात. त्यासाठी वापरली जाणारी सिसएमएल ही भाषा ओएमजी या मानक संस्थेने २००६ मध्ये स्वीकारली. तिच्या दुसऱ्या आवृत्तीत आकृत्यांच्या जोडीला मजकूररूपातही मॉडेल लिहिता येते, त्यामुळे काल आणि आज यांत नेमके काय बदलले, हे ओळीगणिक ताडून पाहता येते.

[दृश्य : मॉडेलमधील एक अपेक्षा ठळक होते; तिच्यापासून चार घटकांकडे रेषा जातात.]

हाताचे टोक ठरलेल्या बिंदूपासून ०.१ मिलिमीटरच्या आत थांबावे, ही अपेक्षा घ्या. ही मुभा एन्कोडर, गिअरमधील ढिलाई, नळीची लवचिकता आणि नियंत्रणातील त्रुटी यांच्यात वाटून द्यावी लागते. सांध्याच्या बाहेरील दांड्यावर १६ बिटांचा एन्कोडर बसवला, तर तो एका फेऱ्याचे ६५,५३६ भाग करतो. एक मीटर लांब हाताच्या टोकाशी त्यांतील एकच भाग सुमारे ०.०९६ मिलिमीटर भरतो. जवळजवळ सगळी मुभा तिथेच संपली! हा हिशेब मॉडेलमध्ये असेल, तर एन्कोडर खरेदी करण्यापूर्वीच तो नाकारला जातो.

अर्थात, चौकटी आणि बाण काढले म्हणून प्रणालीचे गणित सुटत नाही. कंपन आणि टॉर्क यांचे गणन मॉडेलिकासारख्या भाषेतील सिम्युलेशनकडे सोपवावे लागते, आणि वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमधील अशी सिम्युलेशन एकत्र चालवण्यासाठी एफएमआय हे मानक २०१० पासून उपलब्ध आहे. मॉडेल किती बारीक करायचे, हाही विवेकाचा भाग आहे. प्रत्येक स्क्रू त्यात भरणाऱ्या संघाला ते अद्ययावत ठेवणे लवकरच जड जाते, आणि शिळे मॉडेल हे मॉडेल नसण्यापेक्षा घातक, कारण लोक त्यावर विश्वास ठेवतात.

[दृश्य : चाचणीकक्षात हातावर कंपनमापक बसवला जातो.]

प्रत्यक्ष हात तयार झाल्यावर त्याची वारंवारता मोजली जाते आणि गृहीत आकड्याच्या जागी मोजलेला आकडा मॉडेलमध्ये भरला जातो. तो कमी निघाला, तर त्याच्याशी जोडलेली प्रत्येक अपेक्षा, नियंत्रकाच्या जुळणीसकट, पुन्हा तपासणीसाठी खुली होते.