बसवरचा आकडा

तुम्हाला विचारलं की प्रचारात खोटं बोललेलं चालतं का, तर सगळा हॉल नाही म्हणेल. कुठल्याही देशात हेच. ऑस्ट्रेलियात प्रचाराच्या जाहिरातीत खरंच छापायची सक्ती हवी का असं विचारलं की दहातले आठ-नऊ जण हो म्हणतात. मग तरी हे चालतं कसं? त्यासाठी मी ब्रिटनची एक बस सांगतो.

2016 चं ब्रेक्झिटचं सार्वमत, म्हणजे ब्रिटनने युरोपियन युनियनमध्ये राहायचं की बाहेर पडायचं याचं मतदान. लीववाल्यांची, म्हणजे बाहेर पडा म्हणणाऱ्यांची, लाल बस गावोगाव फिरत होती, वर मोठ्या अक्षरात, आपण युरोपियन युनियनला आठवड्याला 35 कोटी पाउंड देतो, ते आपल्या सरकारी दवाखान्यांना देऊया. आता गंमत बघा, ब्रिटनला जी सूट मिळायची ती पैसे जायच्या आधीच वजा व्हायची, म्हणजे एवढी रक्कम कधी जातच नव्हती, शिवाय शेतकऱ्यांना वगैरे परत यायचे ते वेगळेच. सरकारी आकडेवारीवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेने, यूके स्टॅटिस्टिक्स ऑथॉरिटीने, मतदानाच्या आधीच सांगितलं की हा आकडा दिशाभूल करणारा आहे. बस फिरतच राहिली. मतदानाच्या तोंडावर इप्सॉस मोरी या जनमत चाचण्या घेणाऱ्या कंपनीने लोकांना विचारलं तर 47 टक्के म्हणाले, खरं आहे. दोन वर्षांनी, सगळा खुलासा होऊन गेल्यावर परत विचारलं, तर ज्यांनी हा दावा ऐकलेला होता त्यातले 42 टक्के अजून खरंच मानत होते.

मला यात सगळ्यात जास्त टोचतं ते हे, की विरोधक रोज टीव्हीवर येऊन 35 कोटी नाही हो, 25 कोटी, असं सांगत बसले. ऐकणाऱ्याच्या डोक्यात काय राहिलं? लय पैसा जातोय बाबा बाहेर. खोडून काढता काढता त्यांनीच तो आकडा घरोघर पोचवला, असं माझं मत आहे. आणि दुसरी बाजू, म्हणजे युनियनमध्येच राहा म्हणणारे, ती पण धुतल्या तांदळासारखी नव्हती, बाहेर पडलो तर 2030 पर्यंत दर घरामागे वर्षाला 4,300 पाउंडाचा फटका असं सरकारच सांगत होतं, त्या आकड्याच्या मांडणीवरही खूप टीका झाली. त्यावर मात्र फार थोड्यांनी विश्वास ठेवला.

अमेरिकेत राज्यशास्त्राचे अभ्यासक ब्रेंडन नायहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 लाच एक प्रयोग केला. ट्रम्प यांच्या भाषणातला गुन्हेगारी वाढल्याचा दावा घेतला, लोकांना खरी आकडेवारी दाखवली. त्यांच्या समर्थकांनी सुद्धा आपलं मत दुरुस्त केलं, म्हणजे लोक काही आंधळे नाहीत. पण नेत्याबद्दलचं मत? ते होतं तिथेच.

हे वाचलं तेव्हा मला आमच्या सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप आठवला. इलेक्शनच्या आधी एका काकांनी एक फॉरवर्ड टाकला, मी त्यांना फोन करून सांगितलं काका हा व्हिडिओ जुना आहे आणि आपल्या राज्यातला पण नाहीये, तर म्हणाले, "अरे असू दे, समोरचे काय कमी करतात का?" काका वाईट माणूस नाही, लॉकडाउनमध्ये अख्ख्या बिल्डिंगचं किराणा सामान त्यांनी आणलंय. म्हणून तर जास्त वाईट वाटलं.

लोक म्हणतात कायदा करा. आपल्याकडे आहे की. लोकप्रतिनिधित्व कायदा 1951, कलम 123 पोटकलम 4. पण तो उमेदवाराच्या चारित्र्याबद्दल, वागण्याबद्दल खोटं बोललं तर. त्यातही निकालानंतर 45 दिवसांत हायकोर्टात जायचं, पुढे किती वर्षं ते देवाला ठाऊक. धोरणाबद्दल, बजेटबद्दल, कोणी किती नोकऱ्या दिल्या याबद्दल थाप मारली तर हे कलम कामाला येत नाही. जाहीरनाम्यातली आश्वासनं भ्रष्ट आचारात, म्हणजे याच कलम 123 मधल्या गैरप्रकारांत, धरता येत नाहीत हे सुप्रीम कोर्टाने 2013 मध्ये सांगितलंय. साउथ ऑस्ट्रेलिया राज्यात मात्र 1985 च्या कायद्यात सोय आहे, जाहिरातीत तथ्य म्हणून चुकीची, दिशाभूल करणारी गोष्ट छापली तर निवडणूक आयुक्त ती मागे घ्या, खुलासा करा म्हणून सांगू शकतो. आश्वासन नाही, मत नाही, फक्त तथ्य. एवढं तरी आपल्याकडे यावं असं मला मनापासून वाटतं.

परवा त्याच काकांचा फोन आला. एका पत्रकात आमच्या वॉर्डाच्या पाणी योजनेचा खर्च छापलाय, "खरा आहे का रे?" मी म्हटलं थांबा, बघतो. टेंडरचा कागद शोधण्यात दोन दिवस गेले. आणि तो आकडा काकांच्याच पक्षाच्या पत्रकातला होता.